ब्रुनो, चोराची चप्पल आणि न्यूफाउंडलंडची मेंढरं

खरड छाटणी, पानदेठ परीक्षण आणि बेदाण्याचे दर सोडून या पानावर मी फारसं दुसरं लिहीत नाही. आज कुत्र्यावर लिहितोय. गेल्या आठवड्यात एका पोराचा मेसेज आला, "काका, तुमच्या ब्रुनोसारखं लॅब्राडोर पिल्लू घेतोय. बागेत राखणीला बांधणार हाय. कसं राहील?" दोन शब्दांत उत्तर दिलं असतं तर त्याला पटलं नसतं. म्हणून मुळापासून सांगतो. लांबलंय, सवडीनं वाचा.

आधी ब्रुनोची ओळख. पुण्यातला पुतण्या २०१६ ला घर बदलत होता, नव्या सोसायटीत कुत्रं चालत नव्हतं. "काका, दोन महिने सांभाळा" म्हणून दोन वर्षांचा पिवळा लॅब्राडोर आमच्या वस्तीवर सोडून गेला. ते दोन महिने आठ वर्षांचे झाले. गडी माणसं त्याला 'बुरणू' म्हणायची. धिप्पाड अंग, भरदार छाती, आवाज असा की लांबनं ऐकणाऱ्यानं फाटक उघडू नये. मला वाटलं, फुकटात राखणदार मिळाला.

२०१९ च्या पावसाळ्याआधी आमचा गावठी मोत्या म्हातारा होऊन गेला. पुढच्याच महिन्यात विहिरीवरची केबल चोरीला गेली. ब्रुनो त्या रात्री मोकळा होता, विहिरीपाशीच झोपायचा. एकदाही भुंकला नाही. सकाळी सात वाजता माझ्या पायापाशी येऊन बसला, तोंडात डाव्या पायाची चप्पल. आमच्यातल्या कुणाची नव्हती. चोराची होती! लाळेनं भिजलेली, पण दाताचा एक ओरखडा नाही. शेपूट अशी हलवत होता की मोठं कामच करून आलाय.

गावात हसं झालं. चुलते म्हणाले, "चोराला केबल उचलू लागलं असंल." मीही लई शिव्या दिल्या. पुढं माझी भाची पशुवैद्यकीय शिकायला गेली. तिच्याकडनं या जातीचा इतिहास कळत गेला. ती वाचून सांगायची आणि मी वहीत टिपून ठेवायचो. तेव्हा ध्यानात आलं, की त्या रात्री ब्रुनोनं शंभर-दीडशे वर्षांपूर्वी ठरवून दिलेलं काम चोख केलं होतं. चूक माझी होती, मी त्याला भलत्याच कामाला लावलं होतं.

लॅब्राडोर म्हणजे कॅनडाच्या पूर्वेचा एक थंड मुलूख. पण हा कुत्रा तिथला नाही. तो शेजारच्या न्यूफाउंडलंड बेटावरचा, सेंट जॉन्स बंदराच्या बाजूचा. इंग्लंडमधले कोळी तिथं कॉड मासा धरायला जायचे. त्यांच्याबरोबर गेलेल्या निरनिराळ्या कुत्र्यांच्या संकरातनं तिथं एक मध्यम बांध्याचा काळा कुत्रा तयार झाला. छातीवर पांढरा ठिपका, आखूड केस, बुडाशी जाड शेपूट. त्याला पुढं सेंट जॉन्सचा पाण्यातला कुत्रा म्हणू लागले. गळातनं सुटलेला मासा पोहत जाऊन आणायचा, दोर तोंडात धरून होडीपर्यंत न्यायचा, जाळ्याची टोकं ओढू लागायचं, असं त्याचं काम. बर्फासारख्या पाण्यात.

आखूड केसांचं कारण ऐका. त्याच बेटावर लांब केसांची मोठी कुत्रीही होती. पण कडाक्याच्या थंडीत लांब केसांत पाणी गोठायचं आणि कुत्रं बर्फानं जड व्हायचं. म्हणून कोळी आखूड केसाचं निवडायचे. १८२२ मध्ये कॉरमॅक नावाच्या माणसानं ते बेट पायी ओलांडलं, त्यानंही हे नोंदवून ठेवलंय. म्हणजे आपल्याकडं खिलार निवडताना खूर, चाल आणि खांदा बघत गेले आणि बैल घडला, तशीच गोष्ट. तिथल्या कोळ्यानं पुस्तक वाचून पैदास केली नाही. जे कामाला आलं ते राखलं.

वरचे केस आखूड आणि तेलकट, पाणी निथळून जातं. त्याखाली मऊ लोकरीसारखा दाट थर, गारठा आत येऊ देत नाही. हे दोन थर ध्यानात ठेवा. आपल्या एप्रिल-मेचा विषय निघाला की परत लागतील.

आता मेंढरं. इथं मला सगळ्यात जास्त नवल वाटलं. आपल्याकडं धनगराचा वाडा शेतात बसायला येतो तेव्हा मेंढरांभोवती चार कुत्री असतातच. कुत्रं मेंढरं राखतं, हेच आपल्या डोळ्यांनी बघितलेलं. न्यूफाउंडलंडमध्ये उलटं झालं. बेटावर मेंढीपालन वाढावं असं सरकारला वाटत होतं, आणि कोळ्यांची मोकाट कुत्री मेंढरं फाडतात अशी तक्रार होती. १७८० मध्येच गव्हर्नरनं एका घराला एकच कुत्रं असा हुकूम काढला होता. पुढं १८८५ मध्ये मेंढ्यांच्या रक्षणासाठी कायदा आला. कुत्र्याला परवाना, वर पैसे, आणि एखाद्या भागातल्या मतदारांनी ठरवलं तर त्या भागात कुत्रंच बंद. दुसऱ्या बाजूनं इंग्लंडनं पिसाळण्याचा रोग घालवण्यासाठी बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांवर कडक बंधनं घातली. विक्री आटली, घरी ठेवणं महाग झालं. ज्या बेटानं हे कुत्रं घडवलं तिथंच ते कमी कमी होत गेलं. शेवटचे दोन म्हातारे कुत्रे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ग्रँड ब्रुइट नावाच्या एका आडबाजूच्या कोळीवाड्यात फोटोत सापडले. दोघंही नर. वंश तिथं थांबला. २०१० मध्ये ते गावही उठलं, माणसं दुसरीकडं वसली.

मी मेंढरांच्या बाजूचा की कुत्र्याच्या, असं भाचीनं विचारलं. ज्याची मेंढरं मेली असतील त्याला विचार म्हटलं. पण सगळ्या बेटाला एक दांडका लावला की काय नष्ट होतं ते दोनशे वर्षांनी कळतं.

ही जात वाचली ती परक्या मुलखात, आणि तीही दोन-तीन घराण्यांच्या हट्टामुळं. न्यूफाउंडलंडची मासळी घेऊन गलबतं इंग्लंडच्या दक्षिणेला पूल बंदरात यायची. जवळच माम्सबरीच्या अर्लची जहागीर. दलदलीचा भाग, बदकांची शिकार. गलबतावरची ही कुत्री पाण्यात काय करतात ते बघून त्यानं ती विकत घेतली. १८१४ मध्ये कर्नल पीटर हॉकर यानं शिकारीच्या पुस्तकात सेंट जॉन्सच्या कुत्र्याची तारीफ केली आहे. पुढं स्कॉटलंडमधल्या बक्लूच्या ड्यूकच्या घराण्यानंही आपला कळप बांधला. माम्सबरीच्या तिसऱ्या अर्लनं रक्त शुद्ध ठेवलं, आणि १८८० च्या दशकात बक्लूच्या सहाव्या ड्यूकला काही कुत्री दिली. त्यातला नेड १८८२ चा आणि एव्हन १८८५ चा. आजचे लॅब्राडोर मागं मागं नेत गेलं तर या दोघांपर्यंत पोचतात असं मानतात. साल बघा. तिकडं मेंढरांचा कायदा १८८५ आणि इकडं एव्हनही १८८५. दहा-वीस वर्षांचा उशीर झाला असता तर बुडाला वळूच राहिला नसता.

इंग्लंडात त्याचं काम बदललं. इथंच त्याचा स्वभाव पक्का झाला, म्हणून जरा थांबतो.

१८५० नंतर मागनं काडतूस भरायच्या बंदुका आल्या. आधीची बंदूक तोंडाकडनं ठासून भरायची, वेळ जायचा. नव्या बंदुकीनं बार भराभर उडू लागले. मोठे जमीनदार एका रांगेत उभे राहायचे, हाकारे समोरनं पाखरं उठवायचे, दिवसभरात शेकड्यानं पाखरं पडायची. झुडपात, ओढ्यात, गवतात. ती शोधून आणायला कुत्रं पाहिजे. बंदुकीबरोबरच्या कुत्र्यांत कामाची वाटणी असते. एक जात पाखरू कुठं बसलंय ते थबकून दाखवते, दुसरी झुडपातनं उठवते, तिसरी पडलेलं उचलून आणते. लॅब्राडोर या तिसऱ्या कामाचा. आपल्या जतच्या बाजूला मुधोळ कुत्रं बघितलंय ना? ते नजरेनं सावज धरून पळत जाऊन पाडतं. हा नाकानं पडलेलं शोधतो आणि मालकाच्या हातात देतो. दोन्ही शिकारीचीच, पण बैल आणि घोडा एवढा फरक.

आता या कामाला कसलं कुत्रं निवडलं असेल? रांगेत तासन् तास गप्प बसणारं. भुंकलं की पाखरं आधीच उडणार, म्हणून भुंकणारं बाद. शेजारी अनोळखी माणसं, अनोळखी कुत्री, हाकाऱ्यांचा गोंधळ, त्यात कुणावर गुरगुरणारं बाद. मांजर पिल्लू धरतं तसं मऊ तोंडानं पाखरू आणणारं पाहिजे, दात रुतला तर पाखरू ताटात वाढायच्या लायकीचं राहत नाही, म्हणून कडक तोंडाचं बाद. आणि मिळालेली वस्तू स्वतःजवळ न ठेवता मालकाला आणून देणारं पाहिजे.

आता माझी ती रात्र लावून बघा. अनोळखी माणूस आला, ब्रुनो गप्प राहिला. गुरगुरला नाही. चोराच्या पायातनं चप्पल सुटली, ती हुंगून शोधली, दात न लावता रात्रभर सांभाळली आणि सकाळी मालकाला आणून दिली. आणि मी त्याला शिव्या घातल्या.

आमच्या खुराड्यातलं अंडंही तो असाच न फोडता सौ.च्या पायापाशी आणून ठेवायचा. मग समोर बसून लाळ गाळायचा. अंडं त्यालाच मिळायचं, हे सांगायला नको.

१९०३ मध्ये इंग्लंडच्या केनेल क्लबनं ही वेगळी जात म्हणून मान्य केली. इथं एक गैरसमज काढतो, कारण पिल्लं विकणारे आपल्याकडं सर्रास सांगतात की पिवळा लॅब 'ओरिजिनल'. तसं काही नाही. मूळ रंग काळा. पिवळी पिल्लं अधनंमधनं निघायची, ती बहुतेक बाजूला काढायचे. नोंद झालेला पहिला पिवळा बेन ऑफ हाइड, जन्म १८९९. काळ्या-काळ्या जोडीतनं पिवळं पिल्लू निघू शकतं, कारण पिवळ्याचं जनुक दबलेलं राहून दोन्हीकडनं आलं की उघडं पडतं. चॉकलेटी रंगही असाच दबलेला. आणि चॉकलेटी म्हणून जादा पैसे मोजणाऱ्यांसाठी सांगतो, इंग्लंडातल्या दवाखान्यांच्या नोंदींवरनं २०१८ मध्ये अभ्यास झाला. त्यात चॉकलेटी लॅबचं मधलं आयुष्य १०.७ वर्षं निघालं, बाकीच्यांचं १२.१. रंगाच्या मागं लागून जवळच्या नात्यात पैदास झाली की असं होण्याची शक्यता राहते. गाईम्हशीत आपण हे ओळखतो, कुत्रं घेताना विसरतो.

बंदुका मागं पडल्या तरी कुत्र्याचं नाक आणि शांतपणा राहिला, म्हणून त्याला दुसरी कामं मिळाली. आंधळ्या माणसाला वाट दाखवायची, स्फोटकं शोधायची. आपल्या मुंबई पोलिसांचा झंजीर लॅब्राडोरच होता. मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्यानं तीन हजार किलोच्या वर आरडीएक्स हुंगून काढलं, शिवाय हातबॉम्ब आणि डिटोनेटर. २००० च्या नोव्हेंबरमध्ये हाडाच्या कॅन्सरनं गेला, पोलिसांनी इतमामानं निरोप दिला. त्यानंही कुणाला चावून नाव कमावलं नाही. हुंगलं आणि दाखवलं, एवढंच. अमेरिकेत तर १९९१ ते २०२१ अशी ३१ वर्षं नोंदणीत हीच जात पहिल्या नंबरला होती. घरात पोरंबाळं असली तर यासारखं कुत्रं नाही, हे तिकडच्यांना उगाच वाटत नव्हतं. आमचा धाकटा नातू ब्रुनोचा कान धरून उभा राहायला शिकला. त्यानं एकदाही दात दाखवला नाही. शेपटीच्या फटक्यानं पोरगं चार वेळा पाडलं, ते वेगळं.

आता जड भाग.

लॅब्राडोर खातो. किती खातो हे ज्यानं पाळला त्यालाच माहीत. भाकरी, दूध, गोठ्यातली सरकी पेंड, झाडाखालचे चिकू, गाय व्याल्यावरचा चीक, काही सोडत नाही. आम्हाला कौतुक. येणारा-जाणारा भाकरीचा तुकडा टाकायचा. तीन वर्षांत ब्रुनो ४६ किलोचा झाला. डॉक्टर म्हणाले, दहा किलो जास्त आहे. आम्ही म्हटलं, खात्यापित्या घरचा आहे.

२०१६ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या लोकांनी याचं कारण शोधलं. पोट भरल्याचा निरोप मेंदूला देणाऱ्या यंत्रणेत पीओएमसी नावाचं एक जनुक आहे. सुमारे चारातल्या एका लॅब्राडोरमध्ये त्याचा छोटा तुकडा गळालेला असतो. अशा कुत्र्याचं पोट भरलं तरी भूक मिटत नाही. गळालेल्या प्रत्येक प्रतीमागं वजन साधारण दोन किलो वाढतं. २०२४ मध्ये पुढचा अभ्यास आला, त्यात दिसलं की अशी कुत्री बसल्या जागी ताकदही सुमारे पाव हिश्शानं कमी खर्च करतात. म्हणजे खाणं जादा आणि खर्च कमी. आणि अपंगांच्या मदतीला तयार केलेल्या लॅब्राडोरच्या एका गटात हा दोष चारातल्या तिघांत निघाला. कारण उघड आहे, खाऊच्या तुकड्यासाठी जो काहीही शिकायला तयार असतो त्यालाच माणूस हुशार म्हणून निवडतो. आपण दुधाला गाय निवडली आणि तिची सड सुजायला लागली, तसंच हे.

खाण्याचा एक प्रयोग मला फार आवडला, आपल्या प्लॉटसारखा मांडलेला आहे. ४८ लॅब्राडोर पिल्लं, एकाच वेतातली जोडीजोडीनं. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, दुसऱ्याला त्याच्या पाऊण. बाकी सगळं सारखं. जन्मभर चालवला. २००२ मध्ये निकाल छापला. पाऊण खाणाऱ्यांचं मधलं आयुष्य १३ वर्षं, भरपूर खाणाऱ्यांचं ११.२. सांधेदुखीही उशिरा लागली. जवळजवळ दोन वर्षं! नुसतं मोजून घातल्यानं.

ब्रुनोला आम्ही मोजून घातलं नाही. पण तो गेला ते वजनानं नाही.

मार्च २०२४. शेडवर बेदाणा झाडायचं काम चालू होतं. रॅकखाली पडलेला माल घमेल्यात गोळा करून कोपऱ्यात ठेवला होता. दार नुसतं ओढून घेतलेलं. सकाळी घमेलं निम्मं रिकामं आणि ब्रुनो बाहेर ओकत होता. ओकारीत फुगलेले बेदाणे. आम्ही हसलो. म्हटलं, हावरा आहे, निघून जाईल. गड्यांनी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी तो उठेना, पाणी प्यायचा आणि परत ओकायचा. तिसऱ्या दिवशी लघवी बंद झाली. तालुक्याच्या डॉक्टरांकडं नेला, रक्त तपासलं, मूत्रपिंडं गेली होती. सलाईन लावलं. पाचव्या दिवशी पहाटे गेला. डॉक्टर एवढंच म्हणाले, "खाल्ल्यावर तासा-दोन तासांत आणला असता तर ओकारी करवून पोट रिकामं केलं असतं."

द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याला विषासारखा लागू शकतो. एखादा खाऊनही टिकतो, एखादा थोडक्यात जातो, आधी सांगता येत नाही. मी वीस वर्षं बेदाणा करतोय. बागेत कोणतं औषध किती दिवस आधी बंद करायचं हे तोंडपाठ आहे. हे माहीत नव्हतं. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, पंढरपूर, जिथं जिथं शेड आहेत तिथल्यांनी हे एवढं तरी वाचा.

तर पोरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. राखणीला नको. गावठी ठेव, दोन ठेव, ती भुंकतात आणि आपल्या उन्हात टिकतात. लॅब्राडोर घरात माणसांत राहणार असेल तर जरूर घे, याच्यासारखा जीव लावणारा नाही. पण साखळीला बांधून बागेत एकटा टाकलास तर महिनाभरात खुळा होईल, ड्रिपच्या नळ्या चावून ठेवील. त्याला रोज काम पाहिजे. काही नसलं तर जुना मोजा फेक आणि आणायला लाव. एप्रिल-मेमध्ये ते दोन थरांचे केस घेऊन त्याला दुपारी पळवू नकोस, पहाटे आणि दिवस मावळल्यावर फिरव. पाण्याचं त्याला वेड, शेततळं दिसलं की उडी मारणारच. पण आपल्या तळ्यातला कागद निसरडा असतो, पोहणाराही वर चढू शकत नाही, दमून बुडतो. गोठ्याजवळ असेल तर गोचिडाचं औषध वेळेवर, आणि पिसाळण्याची लस दरवर्षी. पिल्लू घेताना आई-बापाचे कंबरेचे सांधे बघ, दोघं कशी चालतात ते स्वतः जाऊन बघ, फोटोवर घेऊ नको.

हे सगळं त्याला मी परवा फोनवर सांगितलं. ऐकून घेतलं त्यानं. म्हणाला, "काका, पिल्लू तर घेणारच, बहिणीनं हट्ट धरलाय. पण घरात ठेवतो, आणि बागेला गावठी बघतो." मी त्याला वजनाचा काटा आण म्हटलं, आणि तळ्यात चारी बाजूंनी दोराला बांधून टायर सोडायला सांगितले. बेदाण्याची शेड त्यांचीही आहे. दाराला खालनं फट आहे का विचारलं, तर वीतभर आहे म्हणाला. शनिवारी वेल्डरला बोलावतोय.